वन कोणते? दप्तरातले की डोंगरावरचे?

१९८०च्या वनसंरक्षण कायद्यात ‘वन’ म्हणजे काय, हेच सांगितलेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात ती उणीव भरून काढली. मालकी कोणाचीही असो, शब्दकोशाच्या अर्थाने जे वन, त्याला कायदा लागू. सरकारला हे जाचू लागले. २०२३च्या दुरुस्तीने अधिसूचित झालेले, किंवा २५ ऑक्टोबर १९८० पासून सरकारी दप्तरात नोंदलेले, तेवढेच वन ठरविले. तलाठ्याच्या कागदावर वन म्हणून न चढलेल्या देवराया मग कोणाच्या? निवृत्त सनदी व वनाधिकाऱ्यांनी दुरुस्तीला आव्हान दिले आणि १९ फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम आदेशाने जुना अर्थ तूर्त कायम राहिला.

हे योग्यच झाले. पण वनाची व्याख्या वाचली म्हणून वनवासीयांचा हक्क वाचला, असे नव्हे. २०२२च्या नियमांनी वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्यांवर सोपविली. म्हणजे ग्रामसभेला विचारायचे ते निर्णय झाल्यावर! वनजमीन घेणारी कंपनी ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरते. त्या मूल्यात गौण वनोपजाचाही हिशेब धरलेला असतो. पैसा मात्र जातो भरपाई वनीकरणाच्या निधीत, मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या हाती नव्हे.