पडद्यांवाचून सूर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी केलेले भाषण)



संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला दरवर्षी होते, आणि दरवर्षी मी शिक्षणावरच बोलतो. यंदा आपली त्यातून सुटका आहे. काल रात्री याच सभागृहात आपल्यापैकी एका बांधवाने सव्वा तास हवाईयन गिटार वाजविली. तिच्याविषयीच बोलावे असे मी योजिले आहे. वादकाचे नाव उच्चारू नये व छापूही नये, अशी त्यांची मला सक्त ताकीद आहे. आपण सर्व त्यांना अण्णा म्हणतो, तेवढे पुरे.

प्रथम वाद्याची थोडी ओळख. मी काही संगीतशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला आणि आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेला मनुष्य. म्हणून वहीचाच दृष्टांत देतो. सतारीला किंवा साध्या गिटारीला पडदे असतात. ते दुरेघी वहीसारखे होत. अक्षर कोठे बसवायचे ते रेघ सांगते. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा मेरूपाशी उंच उचललेल्या असतात आणि डाव्या हातातील पोलादी कांडी त्यांवरून नुसती सरकते. तार पडद्यावर दाबली जातच नाही. हा कोऱ्या कागदावरचा लेख आहे. कांडी गव्हाच्या दाण्याएवढी मागेपुढे झाली तरी सूर बेसूर होतो, आणि तो बेसूर झाला हे कान सोडून दुसरे कोणीही वादकाला सांगत नाही.

हे वाद्य आले कोठून? ओआहू बेटावरील लाए या गावचा जोसेफ केकुकू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कोवळ्या वयात, तारांवर धातूचा तुकडा सरकवून ही वादनपद्धती सिद्ध केली, असे मानतात. 1904 साली तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर तर त्या देशाला हवाईयन संगीताचे वेडच लागले. आपल्याकडे या गिटारीचे पहिले मोठे माहेर म्हणजे कलकत्ता. ताऊ मो हा हवाईयन वादक 1940 नंतरच्या दशकात सहकुटुंब तेथे राहिला होता. पुढे व्हॅन शिप्ले यांनी चित्रपटगीतांच्या चाली गिटारीवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या आणि ती घरोघरी पोहोचली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर एखादी हवाईयन गिटार अजून पडलेली असेल. तिच्या तारा तेवढ्या गंजल्या असतील.

परंतु तिला रागसंगीताच्या बैठकीत मानाने नेऊन बसविले ते ब्रिजभूषण काब्रा यांनी. जन्म 1937, जोधपूर. घरात संगीत मुरलेले; बंधू दामोदरलाल हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य व सरोदवादक. गिटार वाजवायची तर तिच्यावर शास्त्रीय संगीतच वाजविले पाहिजे, अशी वडिलांनी अट घातली, असे सांगतात. ब्रिजभूषणही अली अकबर खाँ यांच्याच तालमीत तयार झाले. त्यांनी गिटारीवर चिकारीच्या तारा चढविल्या आणि तिला आलाप बोलावयास लाविले. 1967 साली शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि काब्रांची गिटार यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस तीत रागांच्या क्रमाने मांडला आहे. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते, हे महाराष्ट्रातील पुष्कळांना आज ठाऊक नसते. काब्रा 2018 मध्ये निवर्तले. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला 1994 साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हा वृत्तपत्रांनी मोठे रकाने भरले. ते योग्यच झाले. तथापि ही वाट आधी कोणी तुडविली, हेही त्यांनी छापावयास हवे होते.

अण्णांचा या थोर मंडळींशी प्रत्यक्ष संबंध यत्किंचितही नाही. काब्रांना त्यांनी एकदाही समोर बसून ऐकले नाही. पोस्टातील नोकरी सांभाळून, तीच ध्वनिमुद्रिका झिजेपर्यंत ऐकत, ते शिकले. पुढे एका सतारियांनी त्यांना राग सांगितले. कांडी कशी धरावी हे मात्र त्यांचे त्यांनाच शोधावे लागले.

काल त्यांनी भूप घेतला. ही निवड सोपी वाटते, पण या वाद्यावर ती सोपी नव्हे. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य. गळ्याने किंवा पेटीवर ते स्वर टाळता येतात. येथे गांधारावरून पंचमाकडे मींड न्यावयाची म्हणजे कांडी मध्यमाच्या अंगणातूनच जाणार. तेथे ती क्षणभर जरी रेंगाळली तरी भूप संपला. शिवाय त्याच पाच स्वरांत देशकारही बसतो. धैवतावर भार अधिक पडला की राग बदलतो. अण्णा मध्यमावरून असे गेले, की कोणी झोपलेल्या मुलाच्या उशाशी पावले न वाजविता जावे.

सुमारे वीस मिनिटे आलाप झाला असेल. सभागृह तटस्थ होते. एवढ्यात ते थांबले आणि म्हणाले, “गांधार जरा उतरला होता. आपल्या लक्षात आला नसेल, पण उतरला होता.” त्यांनी कांडी खाली ठेवली, खुंटी पिळली आणि तीच जागा पुन्हा घेतली. या वेळी गांधार लागला तेव्हा पुढील रांगेतल्या आमच्या वहिनींच्या हातातली पंख्याची घडी जागच्या जागी थांबली. मला वाटते, सबंध रात्रीत खरे वादन तेथे झाले. न थांबता पुढे गेले असते, तर आम्ही टाळ्या वाजविल्याच असत्या.

पुष्कळ माणसे सभेत मान लववितात, हात जोडतात, आणि आपण किती नम्र आहोत हे चारचौघांना दाखवितात. अण्णांची नम्रता त्या जातीची नाही. ज्या वाद्यात प्रत्येक सूर दर वेळी नव्याने शोधावा लागतो, त्या वाद्याशी पन्नास वर्षे संसार केलेल्या माणसाला ‘मला येते’ असे म्हणण्यास अवसरच सापडत नसावा. दाद मिळाली की ते तबल्यावर बसलेल्या पुतण्याकडे बोट करीत. शेवटी पोरांनी एका चित्रपटगीताची फर्माईश केली, तीही त्यांनी कपाळाला आठी न घालता, रागाइतक्याच काळजीने पुरविली.

अनेकांनी हे सारे मोबाइलवर टिपून घेतले आहे. आज सकाळी नातवाने मला ते ऐकविले. तार छेडल्यानंतर मींड विझत विझत जाते, ते तिचे शेपूट त्यात उतरलेले नाही.

आता कामाचे बोलतो. अण्णांना शाल व श्रीफळ देण्याचा ठराव कार्यकारी मंडळाने केला होता. त्यांनी तो नम्रपणे नाकारला आणि त्याऐवजी एक मागणी केली: आठवड्यातून दोन संध्याकाळी, या इमारतीतील वरची लहान खोली, मुलांना विनामूल्य शिकविण्यासाठी. सकाळची वेळ का नको, असे मी विचारले. त्यांनी डावा हात पुढे करून दाखविला. उठल्यावर त्याला कंप असतो. दुपार कलली की तो स्थिर होतो. बोटांचा कंप पडद्याचे वाद्य काही अंशी पोटात घालील, कांडी घालणार नाही. हात आणखी किती दिवस साथ देईल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यांच्या घरी दोन गिटारी आहेत आणि शिष्य एकही नाही. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो, ती गुणपत्रिका पाहून; अण्णांची विद्या कोणत्याही गुणपत्रिकेत येत नाही.

खोलीत लग्नकार्याची भांडी आहेत, म्हणून निर्णय लांबला, असे मला चिटणीसांकडून कळले. त्यांची अडचण खरी आहे. मी काल दुपारी वर जाऊन पाहिले. सतरा पातेली, नऊ पराती, दोन मोठे झारे व सतरंज्यांचे चार गठ्ठे आहेत. पातेली एकात एक घातली तर हे सर्व जिन्याखालच्या जागेत मावते. दोऱ्याने मापून खात्री करून घेतली आहे. आज जेवणानंतर चार तरुण मला द्यावेत आणि चिटणीससाहेबांनी किल्ली द्यावी.