ताई येऊन गेली, पुढे काय झालं?

आम्ही बोरगाव मेघेच्या बचत गटाकडून बोलतोय.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. सहा भेटी झाल्या, रजिस्टर भरलं. पण बाळ भेटींच्या आकड्यानं वाचत नाही. ताईनं वजन केलं, बाळ अंगावर पीत नाही हे आईनं ओळखलं, सासूनं ऐकलं, रात्री गाडी मिळाली; यातली एक कडी तुटली तरी सगळं कागदावरच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवलं आणि तुलनेला ४७ गावं ठेवली. दर हजार बाळांमागे पहिल्या महिन्यात ६२ दगावायची, ती २५ वर आली. १९९९ साली हे जगापुढे आलं. पण तिथली बाई इंजेक्शनही स्वतः द्यायची, कारण दवाखाना लांब. आपल्याला सेवाग्राम जवळ. म्हणजे आपली कडी बहुधा घरातच, ‘उद्या बघू’ म्हणण्यात तुटते.

तेव्हा येत्या बैठकीत हप्ते झाले की बाळंतिणींना विचारू या: ताईनं काय सांगितलं, घरात कोणी ऐकलं, निघायला किती वेळ लागला? ताईची चूक काढायला नाही हं. सासवांनाही बोलवा.