बातमी आणि लोकशाही



१९४८ साली आपला परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या वेळी शोएबुल्ला खान हे तरुण संपादक हैदराबादेत ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक काढीत असत. संस्थानाने भारतात सामील व्हावे, रझाकारांचा जुलूम थांबावा, असे ते उघड लिहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, रात्री घरी परतताना रझाकारांनी त्यांची हत्या केली.

आज रझाकार पुष्कळांना ठाऊक आहेत, शोएबुल्ला थोड्यांनाच. असे का व्हावे? उर्दू वाचणारा मराठी पत्र उघडत नाही, मराठी वाचणाऱ्यास उर्दू लिपी येत नाही. मग शेजाऱ्याचे मन आपण ऐकीव बातमीवरून ठरवतो. घटनेच्या १९ व्या कलमाने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले. परंतु एकच बाजू ऐकणाऱ्याच्या हाती ते अपुरेच राहते.

आपल्या मुलांना दोन्ही लिपी येतात, ही मोठी दौलत आहे. मोबाइलवरचा मजकूर पुढे धाडण्यापूर्वी त्यांनी दोन्ही भाषांतील पत्रे पाहावीत. मराठीतले घरी वाचून दाखवावे, उर्दूतले मराठी मित्रांना सांगावे. लोकशाहीची हीच खरी खिदमत होय.