वाट चुकलेला उजेड



लोडशेडिंगच्या अंधारात हा खेळ तुम्हीही केला असेल. बॅटरीच्या काचेवर तळहात ठेवायचा, की पंजा लालभडक उजळतो. हाडं मात्र दिसत नाहीत. उजेड हाडापर्यंत पोचत नाही म्हणून नव्हे. मांसात शिरल्यावर त्याची सरळ वाटच सुटते. घाटात दाट धुकं असलं की समोरच्या गाडीच्या दिव्यांचा नुसता पांढरा लोळ दिसतो, तसंच हे. आणि पंजा लालच का? निळा-हिरवा उजेड रक्त पिऊन टाकतं, लाल निसटतो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड तर आणखी खोल जातो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांना हे घरच्या जेवणात उमगलं. ताटातलं चपटं हाड त्यांनी दिव्यासमोर धरलं, तर पलीकडच्या बोटाची सावली अलीकडे दिसली. मग कवटीतून का नाही? ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त उजेड वेगवेगळा शोषतं, हे ठाऊक होतंच. कोविडमध्ये आपण बोटाला लावलेला ऑक्सिमीटर त्यावरच चालतो. योब्सिस यांनी तीच युक्ती मेंदूवर लावली आणि १९७७ साली ‘सायन्स’मध्ये निबंध छापला.

पण मला सांगायचंय ते ब्रिटन चान्स यांच्याबद्दल. योब्सिस यांनी पूर्वी त्यांच्याबरोबर बेडकाच्या स्नायूवर काम केलं होतं. चान्स पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले. जन्म १९१३ चा. तरुणपणीच त्यांनी जहाजाचं सुकाणू आपोआप वळवणारं यंत्र बनवलं. मग विकरांचा अभ्यास. महायुद्धात एमआयटीत रडारचं काम. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक! आपल्याकडे अशा माणसाला गाइडनं केव्हाच सुनावलं असतं, ‘एक काय ते ठरवा.’

यातलं रडार पुढे कामी आलं. रडार म्हणजे काय, तर लहर सोडायची आणि ती परत यायला किती वेळ लागला ते काटेकोर मोजायचं. मेंदूवर उजेड टाकणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होती. किती उजेड शोषला गेला ते कळे, पण तो केवढी वाट तुडवून आला ते कळत नसे. आणि वाटेची लांबी माहीत नसेल तर ऑक्सिजनचा हिशेब जमत नाही. मोठ्या माणसाच्या कपाळावर दिवा एकीकडे आणि डिटेक्टर चार सेंटिमीटरवर ठेवा. उजेड सरासरी त्याच्या सहापट, म्हणजे चोवीसेक सेंटिमीटर भटकून पोचतो. लागणारा वेळ? सेकंदाचा साधारण शंभर कोटीवा भाग. पंचाहत्तरीत आलेल्या चान्स यांनी १९८८ च्या सुमारास लेसरची क्षणभंगुर स्पंदनं वापरून तो वेळ मोजला. तरुणपणी विमानांचं अंतर काढणारा माणूस म्हातारपणी उजेडाची भटकंती मोजत बसला होता.

वयाच्या नव्वदीतही ते प्रयोगशाळेत होते. २०१० मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले.

त्यांच्या हातून झालेल्या कामातलं एक मला फार आवडतं, कारण त्यात आतलं चित्र काढावंच लागत नाही. डोक्याला मार लागला की कधी कधी आत, कवटीखाली रक्त साकळतं. खात्रीसाठी सीटी स्कॅन हवा, पण तो गाठेपर्यंत वेळ जातो. चान्स आणि सहकाऱ्यांनी साधी तुलना केली. डोक्याच्या डाव्या बाजूला उजेड टाकायचा, मग उजव्या बाजूला नेमक्या त्याच जागी. जिथून कमी उजेड परत येईल, तिथे रक्त साकळल्याचा संशय. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढे त्याच कल्पनेवर हातात मावणारं यंत्र निघालं.

उजेडानं डोक्यात डोकावणाऱ्या या क्षेत्रातली माणसं भेटली, तर त्यांना गणिताबद्दल विचारू नका, केसांबद्दल विचारा. दाट काळे केस उजेड खाऊन टाकतात. त्यामुळे कितीही भारी यंत्र असो, प्रयोगाची सुरुवात होते ती कुणाच्या तरी डोक्यावर वाकून, टोकदार काडीनं एकेक बट बाजूला सारत, दिव्याखाली डोक्याची तेवढीच जागा मोकळी करण्यानं. आपल्याकडच्या तेल लावून चोपलेल्या डोक्यापाशी त्यांचा अर्धा तास सहज मोडावा.