पत्रावर सही तुमचीच होती



आज मी एका खुर्चीबद्दल बोलणार आहे. खासगी विद्यापीठांत तिला 'डीन, स्टुडंट अफेअर्स' म्हणतात. महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांत तिच्या जवळचं पद म्हणजे विद्यार्थी विकास संचालक. मुलाचा प्रवेश घेताना आपण फी विचारतो, प्लेसमेंट विचारतो, मेसमध्ये पोळी मिळते का तेही विचारतो. पण या खुर्चीत कोण बसतं आणि त्याच्या हातात काय असतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

मी काही वर्षं त्या खुर्चीत बसलो. बंगळूरच्या उत्तरेला, देवनहळ्ळी भागात, एका छोट्या खासगी विद्यापीठात. देवनहळ्ळी म्हणजे टिपू सुलतानाचं जन्मगाव. इथल्या पपनसाला भौगोलिक मानांकन आहे. 2008 मध्ये इथं विमानतळ सुरू झाला आणि शेतांच्या जागी हळूहळू गोदामं, कारखाने, इमारती आल्या, विद्यापीठंही आली. शहर लांब. संध्याकाळनंतर मूल कुठं जाणार? कॅम्पसमध्येच. म्हणजे वर्ग सुटल्यानंतरचं त्याचं सगळं आयुष्य त्या एका डीनच्या अखत्यारीत येतं.

आता माझी चूक सांगतो.

लातूर जिल्ह्यातला एक मुलगा होता. घरी सोयाबीनची शेती. दुसऱ्या सत्रात त्याची हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली. यादी माझ्याकडे आली. नियमाप्रमाणे पत्र निघालं, 'परीक्षेला बसू दिलं जाणार नाही.' एक प्रत त्याला, एक प्रत घरी. खाली सही माझी.

त्याच हॉस्टेलच्या जिन्यात एक पोस्टर होतं. 'मन जड झालंय? केव्हाही या.' खाली नाव माझंच.

पंधरा दिवसांनी मेसमधल्या अक्कांनी मला थांबवलं. कन्नडमध्ये म्हणाल्या, "तो तुमच्याकडचा मराठी मुलगा चार दिवस जेवायला आला नाही." मी खोलीवर गेलो. मराठीत विचारलं, "काय रे, काय झालं?" बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "सर, तुमच्याकडेच यायचं होतं. पण पत्रावर सही तुमचीच होती."

त्याला महिनाभर झोप लागत नव्हती. सकाळी उठवत नव्हतं, म्हणून वर्ग बुडत होते. ज्या आजारासाठी त्याला मदत हवी होती, त्याच आजाराची शिक्षा मी त्याला पत्राने पाठवली होती. डॉक्टरांकडे नेलं, वडिलांना बोलावलं, एक सत्र सुट्टी दिली. तो परत आला, शिकला. पण तो वाचला तो अक्कांमुळे. माझ्या खुर्चीमुळे नाही.

मंडळी, छोट्या विद्यापीठात असं का होतं? पगार वाचतो म्हणून. हॉस्टेल, क्लब, खेळ, शिस्त समिती, रॅगिंगविरोधी समिती, तक्रारी, समुपदेशन, सगळं एकाच माणसाकडे. शिस्त नको असं मी म्हणत नाही. ज्या पोराचं रॅगिंग झालंय, त्याच्यासाठी कडक कारवाई हीच काळजी असते. माझं म्हणणं एवढंच आहे की काळजी आणि कारवाई एकाच खुर्चीत बसवू नका. छोट्या विद्यापीठाची मोठी ताकद म्हणजे डीन प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखू शकतो. पण मूल त्याला घाबरत असेल, तर त्या ओळखीचा उपयोग काय?

आपल्याकडची एक जुनी गोष्ट सांगतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहं उभी करायला बळ दिलं. तिथल्या जैन बोर्डिंगमध्ये एक मुलगा राहत होता. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला अंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं. त्याने नकार दिला. बोर्डिंगातून काढून टाकलं. पण त्या मुलाला दुसरं दार उघडं मिळालं. महाराजांनी त्याला स्वतःच्या वाड्यात आसरा दिला. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग काढलं. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. कोणतं पोर उपाशी आहे हे त्या माउलीला ठाऊक असायचं. त्यासाठी तिला कुठलं पद लागलं नाही.

एक दार बंद झालं तेव्हा दुसरं उघडं होतं, म्हणून भाऊरावांना आसरा मिळाला. आजच्या विद्यापीठात दोन्ही दारांची किल्ली एकाच माणसाकडे असते, हा खरा प्रश्न आहे.

याचं मोल किती आहे? 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांत विद्यार्थी तक्रार समिती आहे, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध लोकपालाकडे दाद मागता येते. म्हणजे दुसरं दार कागदावर आहे. ते मुलाला दिसलं पाहिजे.

त्या प्रसंगानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, हजेरीची पत्रं परीक्षा विभागाच्या सहीने जाऊ लागली, आणि पत्र निघण्याआधी कुणीतरी त्या मुलाशी समोर बसून बोलायचं, असं ठरलं. दुसरी, समुपदेशक शिस्त समितीतून बाहेर काढला. मुलाने सांगितलेलं माझ्यापर्यंतही येणार नाही; जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. तिसरी, मेसच्या अक्का, सुरक्षारक्षक, सफाईवाल्या मावशी यांची महिन्याला एक बैठक. कोण जेवत नाही, कोण रात्रभर जागा असतो, हे त्यांना आमच्या आधी कळतं.

यातली पहिली गोष्ट सर्वांत अवघड गेली. वरून विचारणा झाली, "मग तुमचा वचक काय राहणार?" मी म्हटलं, "वचक कमी झाला तर चालेल. पोरं आली पाहिजेत."

पालकांनो, पुढच्या वेळी प्रवेशाला जाल तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा. माझं मूल अडचणीत आलं तर ते कुणाकडे जाईल? आणि त्याला शिक्षा करणारा माणूस तोच आहे का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर तिथंच थांबून बोला.

आणि मुलांनो, कॅम्पसवरचं कुठलंच दार आपलं वाटत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. त्यांच्याकडे तुमच्या हजेरीची यादी नसते.