पिकतं एक, शिजतं दुसरं



आपल्या मातीतलं खा, ज्या त्या ऋतूतलं खा, असं हल्ली सगळेच सांगतात. मग वाशीम जिल्ह्यात आपल्या मातीतलं म्हणजे नेमकं काय? श्रावणात रिसोडहून मालेगावला जा, नाहीतर मंगरूळपीरहून कारंज्याला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनच सोयाबीन. ते काही आपल्या चुलीवर चढत नाही. बाजार समितीतून ते तेलाच्या कारखान्यात जातं, आणि ढेप कोंबड्यांच्या खाद्यात. रब्बीत आता चिया आलाय, मूळचा मेक्सिकोकडचा. रानडुकरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून शेतकऱ्याला तो परवडतो. वाशीमच्या बाजार समितीत त्याची खरेदीही होऊ लागली. पण पेरणाऱ्याच्या घरात चिया कोण खातं? तो पुण्या-मुंबईत कुणाच्या तरी काचेच्या बरणीत रात्रभर भिजतो. म्हणजे स्थानिक पीक आहे, फक्त इथलं कुणी ते खात नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. पूर्वी सगळे गावचंच खात होते आणि सुखात होते, असं बोलायची पद्धत आहे. गावचं खात होते हे बऱ्यापैकी खरं. पण पाऊस गेला की गावचं म्हणजे काहीच नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडानं ते भोगलंय. आणि १९७२ आठवणारी माणसं अजून घरोघर आहेत. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी तेव्हा लोकांनी खाल्ली, नाकं मुरडत खाल्ली, पण तिनं जीव जगवले. धान्य दुरून आलं म्हणून कमी दर्जाचं, असं निदान आपण तरी म्हणू नये.

दुसरा मुद्दा धुराचा. लांबून आलेल्या अन्नामुळे हवा बिघडते म्हणतात. २००८ साली अमेरिकेत याचा हिशेब मांडला गेला. तिथल्या अन्नामुळे जेवढे तापवणारे वायू हवेत जातात, त्यातला सगळ्या वाहतुकीचा वाटा साधारण ११ टक्के निघाला. मोठा वाटा पिकवण्यातच होता. आकडे त्यांच्याकडचे आहेत, पण इशारा आपल्यालाही लागू पडतो : गहू मध्य प्रदेशातून आला की पंजाबातून, यावर फार काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. वाळलेलं धान्य, मीठ, मसाला हे पूर्वीपासून फिरतच आले आहेत.

मग अर्थ कशात आहे? जे टिकत नाही, त्यात. पौषात तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. सकाळी तोडलेली शेंग संध्याकाळी उकडून, मिठाचा हात लावून खाऊन पाहा, आणि तीच शेंग तीन दिवसांनी खाऊन पाहा. तोडल्यापासून दाण्यातली साखर पिठात बदलत जाते आणि गोडी उतरते. सोल्यांची, म्हणजे या हिरव्या दाण्यांची भाजी, सोल्यांच्या कचोऱ्या या त्या पंधरा-वीस दिवसांच्या पाहुण्या. फ्रीजरमधले सोले जूनमध्येही मिळतील. मी खाल्लेत. पोट भरतं, एवढंच म्हणेन.

पालेभाज्यांचंही तसंच. मृगाच्या सरी पडल्या की बांधावर तरोटा उगवतो. कोवळा असतो तोवरच खायचा, मग पान निबर होतं. तांदुळजा, घोळ, कुंजर या तर निंदणातल्या भाज्या. बाया सोयाबीन-कपाशी निंदायला जायच्या आणि संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन यायच्या. मजुरीवरची ही वरकमाई होती. आता तणनाशकाचा पंप एका दिवसात एकरच्या एकर मोकळे करतो. शेतकऱ्याला दोष देणार नाही. निंदायला माणूस मिळत नाही आणि मिळालं तर परवडत नाही. पण त्या फवाऱ्यात निंदणाची मजुरीही गेली आणि ओटीतली भाजीही गेली. आता तीच बाई आठवडी बाजारात दहा रुपयांना कोथिंबिरीची जुडी विकत घेते. ताटातल्या बदलाचं कारण असं पार शेतात, औषधाच्या डब्यात सापडतं. आहारावरच्या व्याख्यानात ते सहसा येत नाही.

आता ज्वारी. कळण्याची भाकर, अंबाडीच्या भाजीत शिजवलेल्या कण्या, हे वऱ्हाडाचं रोजचं जेवण होतं. आज भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की आंबिलीपुरतं ज्वारीचं पीठ दुकानातून आणणारी घरं पुष्कळ आहेत. ज्वारी का सुटली, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पाखरं राखायची कोणी? काढणीच्या तोंडावर पाऊस आला की कणीस काळं पडतं. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत मोकळं होतं आणि त्याला बाजारात रोख गिऱ्हाईक असतं. शिवाय रेशनवर गहू-तांदूळ. मजुराच्या घरी फुकटचा गहू असताना त्यानं दुकानातून महाग ज्वारी का आणावी? स्थानिक खा, हा सल्ला त्याला देणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

गंमत अशी, की २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो, असा दर लिहिलेला होता. २०२३ पासून तेवढेही पैसे लागत नाहीत. भरडधान्यात ज्वारीही आली, म्हणजे रेशनच्या पोत्यात तिला जागा कायद्यानंच ठेवलेली आहे. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. आपल्याकडे भाषणं झाली, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. त्यापेक्षा ग्रामसभेत एक ठराव घ्या : आमच्या रेशन दुकानात वर्षातले काही महिने ज्वारी द्या, आणि ती याच जिल्ह्यात, हमीभावानं विकत घेतलेली द्या. गिऱ्हाईक पक्कं दिसलं तर चार तासं ज्वारीची टाकणारे शेतकरी इथे अजून आहेत. पाखरं राखायचं काय ते त्यांचं ते बघतील.