पोपटपंचीच्या पलीकडे

अर्थ न समजता केलेल्या पाठांतराला आपण पोपटपंची म्हणतो. वर्गात एखादा मुलगा धडाधड उत्तर म्हणून दाखवतो आणि मधेच अडवून अर्थ विचारला की छताकडे बघू लागतो, तेव्हा मास्तरांच्या तोंडी हाच शब्द येतो. पोपट बोलतो पण त्याला कळत काही नाही, असा निकाल आपल्या भाषेने केव्हाच देऊन ठेवला आहे. गेली सहा वर्षं आमच्या घरात एक लहानसा पोपट आहे. त्याच्या सहवासात मला या निकालाबद्दल शंका येऊ लागली. श्रोतेहो, आज त्या शंकेबद्दलच बोलायचं आहे.

आधी कोणता पोपट ते सांगते, कारण तो प्रश्न कायद्याचाही आहे. आपल्या अंगणातल्या पेरूवर येणारा, गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असलेला हिरवा पोपट घरात पाळणं हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा पोपट त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. आजोळच्या पडवीत टांगलेला पिंजरा आणि त्यातलं 'विठू विठू' पुष्कळांना आठवत असेल. पण असल्या पिंजऱ्यांसाठी झाडाच्या ढोलीतून पिल्लं काढली जात आणि त्यातली किती वाटेतच मरत, याचा हिशोब कोणी ठेवत नसे. तेव्हा आजही रस्त्यावर कोणी असा पोपट विकायला आणला, तर तो घेऊ नये.

आमचा आहे तो बजरीगर. बाजारात याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तिथून हा पक्षी जगभर घरोघरी पोचला. मुळात रंग हिरवा-पिवळा. निळे, पांढरे हे प्रकार माणसाने पैदाशीतून काढले. वजन जेमतेम तीस ते चाळीस ग्रॅम. नराच्या चोचीच्या मुळाशी निळी पट्टी, मादीची तपकिरी.

शेजारचं कुटुंब गाव सोडून गेलं, तेव्हा जाताना पिंजऱ्यासकट त्याला आमच्याकडे देऊन गेलं. आम्ही त्याचं नाव टिल्लू ठेवलं. पहिले आठ दिवस टिल्लू पिंजऱ्याच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात पिसं अंगाशी चिकटवून, काडीसारखा बारीक होऊन बसे. सुट्टीला आलेला सात वर्षांचा नातू रोज विचारी, "आजी, हा बोलणार कधी?"

हा पक्षी कोण आहे, हे समजल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. कुत्रा शिकाऱ्याच्या कुळातला, मांजरही शिकारी. बजरीगर मात्र शिकार होणाऱ्यांपैकी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, कारण त्याला चहूकडून येणारा धोका टिपायचा असतो. रानात तो थव्यात राहतो, पाऊस आणि गवताचं बी असेल तिकडे थव्यानेच जातो. पाखरांना खाणारे पक्षी झडप घालतात ते बहुतेकदा वरून. आपण प्रेमाने पिंजऱ्यात वरून हात घालतो तेव्हा आपल्याला तो हात वाटतो, त्याला तो ससाणा वाटतो.

म्हणून मी नातवाबरोबर एक करार केला. हात घालायचा नाही. पिंजरा भिंतीला टेकवून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, म्हणजे टिल्लूची पाठ सुरक्षित झाली. रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही दोघं शेजारी बसायचो आणि नातू पाठ्यपुस्तकातला धडा मोठ्याने वाचायचा. टिल्लूकडे बघायचंही नाही, कारण टक लावून शिकारीच बघतो. चारेक दिवसांत टिल्लू खाऊ लागला. भ्यालेला पक्षी दुसऱ्यांसमोर खात नाही, त्यामुळे ते दाणे टिपणं ही त्याने दिलेली पहिली पावती होती.

मग राळ्याचं कणीस. राळे या पक्ष्यांना जीव की प्राण. प्रथम गजांमधून कणसाचं टोक आत दिलं. काही दिवसांनी दार उघडून हातात धरलं. मग कणीस थोडं मागे घेतलं, इतकं की बोटावर पाय ठेवल्याशिवाय चोच पोचू नये. तिसऱ्या आठवड्यात त्याने एक पाय माझ्या बोटावर ठेवला, विचार केला आणि परत घेतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही ठेवले. पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे ती पकड चिमट्यासारखी असते; पण इतकी हलकी, की बोटावर काही बसलं आहे की नुसतं ऊन पडलं आहे, असं वाटावं.

या काळात आम्ही त्याची भाषा शिकलो. तो आमची शिकण्याच्या कितीतरी आधी. पिसं सैल सोडून, एक पाय पोटात घेऊन बसला की निश्चिंत आहे. झोपण्यापूर्वी चोच चोचीवर घासून बारीक करकर आवाज काढतो, तीही समाधानाची खूण. आपल्याला पाहून एका बाजूचा पंख आणि पाय एकदम ताणले, तर तोही सैलावलेला आहे. पंख अंगापासून किंचित दूर धरून चोच उघडी ठेवली, तर त्याला उकडतंय. डोकं वरखाली हलवत घशातून अर्धवट पचलेला दाणा काढून तुमच्या नखाला भरवू लागला, तर चेहरा वाकडा करू नका. त्याच्या जगात जोडीदाराला असंच भरवतात.

आणि चावणं. लोक म्हणतात, पोपट उगीच चावतो. मला वाटतं, चावा हा त्याचा पहिला शब्द नसून शेवटचा असतो. आधी तो अंग मागे घेतो, मग पिसं चिकटवतो, मग चोच उघडून दाखवतो. तिन्ही वेळा त्याने 'नको' म्हटलेलं असतं. आपल्याला ते ऐकू येत नाही, म्हणून चौथ्यांदा तो आपल्याला ऐकू जाईल असं म्हणतो. नातवाला हे पटलं. त्यानंतर टिल्लू मागे सरकला की तोही हात मागे घेई. गंमत म्हणजे, 'नको' म्हटल्यावर हात थांबतो हे कळल्यावर टिल्लूचं 'नको' कमी झालं. माणसांच्या बाबतीतही हे खरं असावं.

आता बोलण्याकडे येते. चौथ्या महिन्यात टिल्लूच्या अखंड चिवचिवाटात ओळखीचे तुकडे ऐकू येऊ लागले. पहिला तुकडा कुकरच्या शिट्टीचा. दुसरा, "अहो, दूध!" हा माझा रोजचा, गॅसकडे धावतानाचा उद्गार. माझे यजमान दोनदा फसून स्वयंपाकघरात धावले. बजरीगर फार भरभर बोलतो, म्हणून कान देऊन ऐकावं लागतं. त्याला ओठ नाहीत, आपल्यासारख्या स्वरतंतूंची कंठपेटी नाही. श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या एका अवयवातून हे सगळं निघतं. १९९४ साली वारलेल्या पक नावाच्या अमेरिकेतल्या एका बजरीगराच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम गिनेस बुकात आहे.

प्रश्न किती शब्द हा नाही, कशासाठी हा आहे. मी खोलीबाहेर गेले की टिल्लू एक ठरावीक हाक घाली. मी शिट्टीने उत्तर दिलं की गप्प होई. उत्तर मिळालं नाही तर हाक चढत जाई. अभ्यासकांनी या हाकांचा कसून अभ्यास केला आहे. थव्यात ज्यांचं एकमेकांशी जमतं त्यांच्या हाका हळूहळू सारख्या होत जातात आणि जोडी जमताना नर मादीच्या हाकेची नक्कल करून ती आपलीशी करतो. म्हणजे नक्कल ही त्यांच्याकडे रिकामी बडबड नाही. 'मी तुमच्यातला' हे सांगण्याची ती रीत आहे. थव्यातलं एकमेकांकडे लक्ष इतकं असतं, की एकाने जांभई दिली की दुसऱ्यालाही येते, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. एकट्या ठेवलेल्या बजरीगराला थवा म्हणून आपणच मिळतो. आपली हाक म्हणजे आपले शब्द. ते तो शिकतो. दूध उतू जाण्याचा अर्थ त्याला कळत नसेल, पण 'अहो, दूध!' ही या घराची हाक आहे, एवढं त्याला कळलेलं असतं.

हे लक्षात आलं आणि मला झोप लागेना. आपण त्याचा अख्खा थवा आहोत, तर दुपारी आम्ही दोघं बाहेर पडतो तेव्हा तो काय करतो? हाका घालतो. कोणी उत्तर देत नाही. घरात बोलणारा पक्षी असण्याचा अभिमान ज्याच्या जिवावर चालला होता, ते मुळात त्याचं एकटेपण होतं.

आम्ही मादी आणायचं ठरवलं. ओळखीच्या सगळ्यांनी सावध केलं, "जोडी केलीत की तो तुमच्याशी बोलायचा बंद होईल." पिंजरा विकणाऱ्यानेही तेच सांगितलं. नातवाने तर फोनवर भांडण काढलं. पण टिल्लूला बोलकं ठेवायचं म्हणून एकटं ठेवायचं, हे मनाला पटेना. निळ्या रंगाची एक मादी आली. महिनाभर तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, कारण नव्या पक्ष्याबरोबर आजार येऊ शकतो. भिंतीपलीकडून पहिल्याच सकाळी त्यांच्या हाका सुरू झाल्या.

लोकांचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं. दोन महिन्यांत टिल्लूची हाक बदलली. ती मादीसारखी झाली. "अहो, दूध!" आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही मादीच्या कानात सांगितल्यासारखं. दिवसभर तो तिची मान खाजवतो, तिला भरवतो. घरट्याची पेटी आम्ही लावली नाही, त्यामुळे पिल्लांचा प्रश्न आला नाही. पुढच्या सुट्टीत नातवाने विचारलं, "आजी, तो आपल्याला विसरला का?" तेवढ्यात टिल्लू उडत आला, त्याच्या खांद्यावर बसला, कानाची पाळी चोचीने चाचपली आणि परत गेला. तो विसरला नव्हता. फक्त आता त्याला आमची गरज उरली नव्हती आणि तरी तो येत होता. गरजेपोटी येण्यापेक्षा हे येणं मला मोलाचं वाटतं.

ज्यांना बजरीगर आणायचा असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. नॉनस्टिक तवा फार तापला की निघणाऱ्या वाफा माणसाला जाणवण्याआधी पक्षी मरतो. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट हे त्याला विष आहे. नुसत्या दाण्यावर ठेवू नये, कोथिंबीर, मेथी, पालक द्यावा, चोचीसाठी समुद्रफेस टांगावा. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. टीव्हीसमोर झोपलेला पोपट झोपलेला नसतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, शिकार होणारा प्राणी आजार लपवतो. थव्यात जो अशक्त दिसतो तो आधी मारला जातो. म्हणून दर रविवारी मी दोघांना वजनकाट्यावर घेते. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचं साडेतीन ग्रॅम वजन घटलं, तर साठ किलोच्या माणसाने सहा किलो गमावल्यासारखं आहे. दिवसा पिसं फुलवून बसणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, विष्ठा बदलणं यांतलं काहीही दिसलं, तर उद्यावर न टाकता पक्ष्यांची माहिती असणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावं.

आणि पंख कापू नयेत. बोटावर येणाऱ्याला जाताही यायला हवं. नाहीतर तो आला आहे की अडकला आहे, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

पोपटपंची हा शब्द भाषेतून जाणार नाही आणि जाऊही नये; न समजता बोलणारी माणसं आहेत तोवर तो लागेलच. मात्र तो वापरताना पोपटाला त्यातून वगळायला हवं. ज्यांच्यात राहायचं त्यांची बोली उचलावी, हे त्याला अंड्यातून बाहेर पडल्यापासून ठाऊक असतं. सासरी आलेल्या मुलीला, परगावी नोकरीला गेलेल्या मुलाला, परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबाला हे करावं लागतं आणि त्याला आपण पोपटपंची म्हणत नाही. माणसं जोडणं म्हणतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)